चेहऱ्यामागे दर

४ जून
आजपासून वाढदिवसाचे बॅनर बंद. मधे भाऊ, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. याला डिझाइन म्हणायचं? दर तिप्पट केले. रेटकार्ड जाड कागदावर छापून घेतलं. बायकोला दाखवलं. मनिषा म्हणाली, कागद चांगला आहे.

५ जून
आजवरचं सगळं काम फ्लेक्स छापणाऱ्या जिलानीभाईंकडून आलं. त्यांना नवे दर कळवले. म्हणाले, लई बेस, मग आता चहा तुम्हीच पाजा. थट्टा असावी.

१७ जून
एक फोन नाही. म्हणजे चिल्लर क्लायंट गळून राहिले. प्लॅन बरोबर चाललाय.

मेव्हणा आनंदराज देगलूरहून विचारून राहिला, आमच्या बियाण्याच्या दुकानात कधी बसता. मनिषा म्हणाली, महिनाअखेर एक तरी गिऱ्हाईक दाखवा, न्हाईतर तुमची बॅग भरते. मी काउंटरवर बसून सोयाबीनच्या पिशव्या विकायच्या?

२१ जून
लातूरच्या मोठ्या क्लासचे विरूपाक्ष सर. स्वतःहून फोन. निकालाचं होर्डिंग पाहिजे. कडक आवाजात दर सांगितला. हो म्हणाले. कमी सांगितला असं वाटून परत फोन केला, वाढवला. तरी हो. याला म्हणतात पोझिशनिंग. मनिषाला म्हटलं, आनंदराजला कळव, भाऊजी बिझी आहेत.

२४ जून
डिझाइन पाठवलं. पांढरंशुभ्र होर्डिंग, मधोमध एकच शब्द: 'शांतपणे'. कोपऱ्यात क्लासचं नाव, बारीक. लातूरनं असं काही पाहिलेलं नाही.

२५ जून
सरांनी विचारलं, पोरं कुठं गेली. पास झालेल्यांचे आईबाप औशाहून एसटीनं फोटो बघायला येतात म्हणे. मी समजावलं, चेहऱ्यांनी ब्रँड उतरतो. तेवढ्यात मागून मनिषा बोलली, बसतील सर, सगळे चेहरे बसतील. सर म्हणाले, मॅडमला द्या फोन.

मॅडमनं दर लावला चेहऱ्यामागे. पहिल्या रांगेला जादा. माझ्या दराच्या वर गेलं ते. सर म्हणाले, दोन होर्डिंग करा. मार्केटचं काही खरं नाही.

२९ जून
दोन्ही होर्डिंग लागली. जिलानीभाईंनी वाढदिवसाची कामं पाठवली, मनिषाच्या नंबरवर. दर तिचाच. एक शुभेच्छुक पहिल्या रांगेसाठी डबल देऊन राहिला.

३० जून
देगलूर टळलं. मनिषानं भावाला कळवलं, हे इथंच लागतात. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आता माझा क्लायंट एकच, तोही प्रीमियम. सकाळपासून शुभेच्छुकांच्या फोटोंमागचं बॅकग्राउंड काढून राहिलो. एकाचा अर्धा कान गेला, मनिषानं तो परत लावायला सांगितला. जेवताना मोबदल्याचा विषय काढला, रेटकार्ड पुढं ठेवलं. तिनं पूर्ण वाचलं. मग उलटं करून कोऱ्या बाजूवर उद्याच्या चेहऱ्यांची नावं लिहून दिली.