निनावी चिठ्ठ्या

९ जून, सोमवार
माझ्या क्लासात शिकवणाऱ्या पल्लवी मॅडमच्या चिठ्ठ्यांचा खरा खर्च: रोज पाच मिनिटं, म्हणजे आठवड्याला अर्धा तास. अर्ध्या तासात मी दोन सरावसंच उडवतो. शिवाय माझ्या बुटांचा खोका, झाकणाला भोक पाडून. शिवाय माझी इज्जत, ती धरलेली नाही.
योजना अशी की तास सुटताना प्रत्येकाने 'आज काय कळलं नाही' ते लिहून खोक्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. मॅडम सिन्नरहून पहाटेच्या एसटीने येतात, झोप होत नसणार.
मला चिठ्ठी कशाला? बारा वर्षं अंबडच्या कारखान्यात लेथवर होतो. आवाजावरून टूल झिजलेलं सांगायचो. पोरांच्या 'हो सर'वरून त्यांची डोकी कळतात.

१० जून
खोका फक्त मॅडमच्या तासाला. माझ्या तासाला जुनी पद्धत. समजलं का? हो सर! खिडकीच्या काचा हलल्या. सगळ्यात खणखणीत 'हो' निकिताचा. मार्चमध्ये तिचं दहावीचं गणित राहिलं, फेरपरीक्षा २६ला. पास समजा.

११ जून
निकिताची आई बायडाबाई येऊन गेली. म्हणाली, सर, या टायमाला नाय निघाली तर मी तिला माझ्यासंगं पॅकिंगला नेते, सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. मी म्हणालो, बाई, गणित माझ्याकडे आहे. म्हणाली, मार्चला बी तुमच्याकडंच होतं की.
तोंडाची कडक बाई.

१२ जून
मॅडम म्हणतात, नुसती फुली मारू नका सर, पुढे काय करायचं तेही लिहा. आणि पोरांना लाल पेनं द्या, एकमेकांचं तपासू देत. ठणकावून सांगितलं: या क्लासमध्ये लाल पेन एकच आणि ते माझ्या खिशात. पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत हा क्लास उभा राहिला तो या शिस्तीवर. पोरं निळं वापरतात, मॅडम हिरवं. म्हणाल्या, बरं सर. त्या 'बरं'मध्ये मला 'बघू' ऐकू आलं. कान आहेत माझे!

१४ जून, शनिवार
सराव परीक्षा. निकिताला वीसपैकी तीन. पेपर अवघड होता. मीच काढला होता. पंखाही आवाज करत होता.

१६ जून, संध्याकाळ
मॅडम गेल्यावर खोका उघडला. माझ्याच बुटांचा आहे. एका चिठ्ठीवर निकिताचं अक्षर: समीकरणात पाच पलीकडे गेल्यावर चिन्ह का बदलतं? सरांना विचारायची भीती वाटते.
भीती? मी चॉकलेटं वाटतो!
आणि 'का' म्हणजे काय? बदलतं म्हणून बदलतं. मालेगावला आमच्या गुरुजींनी मला असंच सांगितलं. बावीस वर्षं मीही तेच सांगतोय, कुणाचं अडलं नाही.

१७ जून
मॅडमनी त्या एका चिठ्ठीवर अख्खा तास घेतला. फळ्यावर तराजू काढून. मी खाली गिरणीवाल्याशी बोलत उभा राहिलो, मुद्दाम.
माझं उत्तर मी स्वतः देणार. दुपारभर विचार केला. उद्या देईन.

१८ जून
मला येत नाही. ही गोष्ट या वहीबाहेर जायची नाही.
मॅडमना सहज विचारलं, निकिताच्या वतीने. त्यांनी पारडी, वजनं असं भराभर सांगितलं. कळलं ना सर, म्हणाल्या. मी म्हणालो, हो मॅडम. खणखणीत.

१९ जून
नामी युक्ती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मीच चिठ्ठी टाकली: तराजूचं परत सांगा, हळू. नाव नाही. अक्षर डाव्या हाताचं. कोणी ओळखून दाखवावं! उद्या शेवटच्या बाकावर बसेन. विचारलं तर निरीक्षण.

२० जून
मॅडमनी चिठ्ठी वाचली, वर धरून सगळ्यांना दाखवली आणि खडू निकिताला दिला. पोरीने तराजू काढला. अलीकडून पाच काढले तर पलीकडूनही पाच काढायचे, नाहीतर पारडं झुकतं. पाच उडी मारून कुठे जातच नाही, सर, असं म्हणाली. दोनदा सांगितलं. हळू.
मला कळलं. पोरगी २६ला निघणार. या वेळी कानावरून सांगत नाहीये.
एक मात्र समजेना. 'सर' म्हणून ती शेवटच्या बाकाकडे का बघत होती? आणि पोरं का हसत होती?
घरी शर्ट काढताना खिशाला हात लागला. चिठ्ठी मी लाल पेनाने लिहिली होती.