थोडं अधिक मोठ्यानं

४ मार्च, मंगळवार

स्तोयाननं आज मला भर वर्गात उघडं पाडलं! फळ्यावर मोठ्या ऐटीत लिहिलं होतं — आधी क्रियापदाचं मूळ रूप, मागोमाग तुलनेचं विशेषण. टू फील बेटर. टू ग्रो टॉलर. टू लुक यंगर. वाटणं, होणं, दिसणं अशा क्रियापदांमागे हे बिनधास्त चालतं. इथवर सगळे माना डोलावत होते. मग स्तोयान — “आणि सर, टू स्पीक लाउडर?” मी म्हटलं, छे! बोलणं ही कृती. तिथे विशेषण नको, ‘मोअर लाउडली’ म्हण.

“माझा फोरमन रोज ओरडतो, स्पीक लाउडर! आणि तो इंग्रज आहे!”

हा बल्गेरियन गडी ट्रक चालवतो आणि बोलतो ट्रकच्या भोंग्यासारखा. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. अडतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो, पण फोरमनपुढे कसला नियम टिकतोय! दोन्ही चालतं म्हणून मोकळा झालो.

चॅपलमागच्या खोलीतला, परदेशातून आलेल्यांसाठीचा हा फुकटचा इंग्रजीचा वर्ग चॅपलचं काम बघणाऱ्या ग्वेंडानं जानेवारीत माझ्या गळ्यात मारला. थेल्माला वाटलं, चला, नवरा मंगळवारी तरी घराबाहेर. मला मात्र मजा येतेय. आणखी कुणाला सांगणार नाही.

११ मार्च, मंगळवार

गाळलेल्या जागा भरायला दिल्या. ‘मला अधिक ____ व्हायचं आहे.’ आठ जणांनी अधिक श्रीमंत, अधिक बारीक वगैरे लिहिलं. दाइवानं वाक्यच खोडलं आणि खाली लिहिलं — ‘मला अधिक काही व्हायचं नाही. होते तेवढंच परत व्हायचं आहे.’

लिथुआनियात अकरा वर्षं सुईण होती ही बाई. इथे सहा वर्षं कोबी पॅक करतेय. इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची परीक्षा जूनमध्ये पास झाली तर सप्टेंबरात कॉलेज घेणार, मग पुन्हा सुईणीचं काम. नाही झाली तर जागा दुसऱ्या कुणाला.

तुलनेचं विशेषण वापरलं नाही म्हणून नियमानं एक गुण कापला. घरी येईपर्यंत मन खात राहिलं.

१२ मार्च

पाऊस. परसातल्या रुबार्बला कोंब आलेत.

२५ मार्च, मंगळवार

दाइवाचं लिहिणं बिनचूक. बोलणं मात्र — देवा! वाक्याची सुरुवात येते, शेवट तोंडातच विरघळतो. ‘स’ गिळते, ‘ट’ गिळते, ‘फ’चं काय करते कोण जाणे. तिला म्हटलं, “दाइवा, थोडं अधिक मोठ्यानं बोलायचा प्रयत्न केलास तर छान होईल.”

ती काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस? पुन्हा पुटपुटली. शेवटी वहीत लिहून दाखवलं — ‘बाळंतिणीच्या खोलीत कुणी ओरडत नाही, सर. सवय गेली नाही.’

खरंय. पण परीक्षक काही बाळंतीण नाही!

१ एप्रिल, मंगळवार

आजचा धडा मस्त रंगला. म्हटलं, व्याकरण पुरे, आता हे वापरतात कुठे ते सांगतो. आम्हा इंग्रजांत कुणी कुणाला ‘चुकलास’ म्हणत नाही. वाईट स्वयंपाकाला म्हणायचं — पुढच्या वेळी मीठ थोडं कमी घालून बघू या का? उशिरा येणाऱ्याला — थोडं अधिक लवकर येणं जमेल का? तुलनेचं रूप म्हणजे उशी. दगड तोच, पण उशीत घालून मारायचा.

दाइवानं हात वर केला. दोनदा विचारल्यावर तिचा प्रश्न कळला — “मग माणसाला तो खरंच चुकलाय हे समजणार कसं?”

“समजतं,” मी म्हटलं. “आपोआप समजतं.”

स्तोयान म्हणाला, “आमच्याकडे दगड सरळ मारतात. वेळ वाचतो.”

६ एप्रिल, रविवार

थेल्मा आज माझाच धडा मला शिकवतेय! “टीव्ही जरा अधिक हळू ठेवलास तर बरं वाटेल, नाही का?” मी म्हटलं, शाबास, रचना अगदी बरोबर. तिनं उसासा टाकला आणि खिमा-बटाट्याचा शेफर्ड्स पाय ताटात वाढला. बायकांना विनोद कळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

ग्वेंडा मागे बसून वर्ग बघत होती. जाताना म्हणाली, “डेस्मंड, टेबल विद्यार्थ्यांच्या थोडं अधिक जवळ घेतलंस तर? सोपं पडेल.” म्हटलं, कुणाला? “सगळ्यांनाच,” म्हणाली आणि चॅपलच्या घड्याळाकडे बघत राहिली. टेबल हलवलं. उगाच वाद कशाला.

२९ एप्रिल, मंगळवार

आज तोंडी सराव. स्तोयान झकास! प्रत्येक शब्द खणखणीत. नागरिकत्वाच्या परीक्षेत हा हसत हसत पास होणार.

दाइवा साडेतीन मिनिटं बोलली. मला कळलं असेल एक मिनिटाचं. पहिल्या बाळंतपणाबद्दल होतं बहुतेक, कारण बाकीच्या बाया डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, “वाईट नाही. थोडं अधिक स्पष्ट करता येईल का बघ.” ती खुशीत निघून गेली.

३० एप्रिल

झोप लागली नाही नीट. ‘वाईट नाही’ म्हणालो. वाईट होतं! जून तोंडावर आलाय आणि बाई खुशीत!

६ मे, मंगळवार

ग्वेंडा म्हणाली, दाइवानं तारीख घेतली, ७ जून. “किती आनंदात होती! म्हणाली, सर म्हणतात चांगलं चाललंय.”

मी असं कधी म्हणालो? आठवलं. दर मंगळवारी म्हणालो. उशीत घालून. पोरीला उशीच लागली, दगड लागलाच नाही.

आता तारीख पुढे ढकलली तर या वर्षीची जागा जाते. नापास झाली तरी जाते, वर ‘नापास’ असं कागदावर राहतं. निदान ते तरी टाळता येईल. कुणीतरी सांगायला हवं. कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण!

१३ मे, मंगळवार

सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सरळ तोंडावर सांगितलं, तेही एकाहत्तराव्या वर्षी. वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. “दाइवा, तुझं बोलणं कळत नाही. मला तरी कळत नाही. परीक्षेला बसू नकोस. तू नापास होशील.”

ती पांढरीफटक पडली. मग काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही — घ्या, हेच तर मी म्हणत होतो! पुन्हा म्हण, म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं नाही. कोट घेतला आणि गेली.

सायकलचं कुलूप तीनदा लावून काढलं.

थेल्माला सांगितलं तर तिनं काटा खाली ठेवला. “तू तिला असं सांगितलंस?”

“हो. अगदी स्पष्ट.”

“डेस्मंड, आधी एखाद्या शांत खोलीत ऐकून बघायला हवं होतंस तिचं.”

“चॅपलची खोली शांतच असते!”

“हो,” म्हणाली. “असते.”

मग कस्टर्ड आणायला आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

२० मे

दाइवा आली नाही.

२७ मे

आजही नाही. स्तोयाननं विचारलं, “सर, तिला काय केलंत?” हा प्रश्न मात्र चांगला ऐकू आला. मी टू बिकम सॅडर शिकवत होतो नेमका. बंद केलं, लवकर सोडलं सगळ्यांना.

मला वाईट वाटतंय. खूप. इथे उशी लावून काय करायचंय? सहा वर्षं कोबी पॅक करून त्या बाईनं एक आशा धरली होती आणि मी ती मोडली. पण खोटं तरी कसं बोलणार होतो! मला खरंच कळत नव्हतं तिचं बोलणं.

७ जून, शनिवार

आज तिची परीक्षा. बसली का, कुणाला ठाऊक. दिवसभर वाटाण्यांना काठ्या लावल्या. तिन्ही रांगा वाकड्या.

१७ जून, मंगळवार

स्तोयान नापास. मी चाटच पडलो! “प्रश्न ऐकलाच नाही,” म्हणाला, “नुसता बोलत सुटलो.” बसला होता बिचारा पडेल चेहऱ्यानं. पाठीवर थाप मारली, पुन्हा बस म्हटलं. दाइवाबद्दल विचारायची हिंमत झाली नाही.

२० जून, शुक्रवार

ग्वेंडाचा फोन. दाइवा परीक्षेला बसली होती. पास! सात हवे होते, आठ मिळाले. ऐकण्यात आठ, बोलण्यातही आठ. परीक्षकानं शेरा लिहिलाय — उच्चार विशेष स्पष्ट.

ग्वेंडाला दोनदा विचारलं, विशेष काय? स्पष्ट, डेस्मंड. स्पष्ट!

खुर्चीतच बसून राहिलो. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग विचार आला, परीक्षक जरा जास्तच उदार असावा. थेल्माला तसं म्हटलं. ती म्हणाली, “मी जरा बाग बघून येते.” भर पावसात!

२१ जून, शनिवार

सकाळी दाइवा दारात. हातात राय ब्रेडचा लादीएवढा तुकडा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं मला खुर्चीत बसवलं, समोर गुडघ्यांवर बसली, माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द वेगळा करत म्हणाली —

“सर. माझं बोलणं खराब नव्हतं. तुम्हाला ऐकू येत नाही. वर्गात सगळ्यांना माहीत आहे.”

मी थेल्माकडे बघितलं. ती किटलीकडे बघत होती.

“तुला माहीत होतं? कधीपासून?”

“चार वर्षं!” थेल्मा ओरडून म्हणाली आणि रडायला लागली.