खडूने दाखवलेली गळती

कारंजा (घाडगे),
रविवार, ता. ७ डिसेंबर १९५८

श्रीयुत बाबारावजी व्याही, मुक्काम नाचणगाव, यांस भैयाजी मास्तराचा (सेवानिवृत्त) आदरपूर्वक नमस्कार.

छुम् छुम्, मग क्षणभर काही नाही, आणि पुन्हा छुम्. आमच्या वडिलांची दमणी रोहण्याहून आर्वीकडे निघाली की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा अशा वाजत, आणि मी मागे कडब्यावर पडून शाळेतल्या आर्या त्या तालावर म्हणत असे. प्रकृतीची विचारपूस करायची सोडून हा व्याही बैल कशाला हाकतो आहे, असे आपण म्हणाल. तरी आपली प्रकृती कशी आहे? वच्छलाबाईंचा खोकला अडुळशाने उतरला का? (मध घालावा, गूळ नको.) चि. सुलोचना सुखरूप आहे, तिची काळजी नसावी. माझा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण आठ दिवस झोप नाही ती गुडघ्यामुळे नव्हे. ट्रकमुळे.

आपल्या जावयांनी, म्हणजे आमच्या चिरंजीव मधुकररावांनी, गेल्या वर्षी डिझेलवर चालणारा ट्रक घेतला हे आपण जाणताच. त्यावर लहानू हा ड्रायव्हर होता. हा माझाच विद्यार्थी, चौथीपर्यंत शिकलेला. कविता एकही पाठ झाली नाही, पण कारंजा ते नागपूर रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला क्रमवार तोंडपाठ. दिवाळीनंतर संत्र्यांच्या खेपा सुरू झाल्या आणि डिझेल कमी भरू लागले. टाकीत बांबूची कामटी घालून माप घ्यायचे, तर नागपूरहून परत आल्यावर कामटी दर वेळी चार बोटे जास्तच कोरडी. गळते म्हणावे तर उभ्या ट्रकखाली थेंब नाही. मधुकररावांनी खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून पाहिली. सकाळी ती जशीच्या तशी, अग्रलेखासकट कोरडी. (ती मी नंतर वाचली.) तेव्हा आपल्या जावयांनी असा निष्कर्ष काढला की डिझेल गळत नाही, म्हणजे ते विकले जाते. आणि मोटार स्टँडवर चार माणसांदेखत लहानूला सांगितले की उद्यापासून येऊ नको.

लहानू भांडला नाही. किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मी कसा आहो थे मास्तरले विचारा." मास्तर तिथेच बाकावर बसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. बाबारावजी, चौतीस वर्षे मी वर्गात एकटा बोललो, पण त्या दिवशी माझ्या तोंडून एवढेच निघाले की यंदा थंडी लवकर पडली. गळती कशाची हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते, हे लक्षात घ्यावे. मला फक्त तंटा सोसत नाही.

पुढे ट्रक मधुकरराव स्वतः चालवू लागले आणि डिझेल तरीही जाऊ लागले. आता स्वतःला काढून टाकणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी हमरस्त्यावरच्या ढाब्याजवळच्या प्रेमदास मिस्त्रीला बोलावले. प्रेमदासने इंजिनावरचे झाकण उघडले, नाक आत घातले आणि सांगितले, "उभ्या गाडीत नाई गळत, मालक. इंजन चालू झालं का पंप डिजल ढकलते, मंग गळते. अन् पंख्याच्या हवेनं सारीकडे उडते. कुठून गळून राह्यलं थे समजतच नाई." उपाय असा की आतले सगळे घासलेट लावून पुसायचे, कोरडे करायचे, वर पांढरी भुकटी उडवायची आणि इंजिन चालू करायचे. जिथे भुकटी भिजेल तिथे भोक. कोणी पीठ म्हणाले, कोणी चुना म्हणाले. मी म्हणालो, खडू.

त्या क्षणी मला किती बरे वाटले ते लिहिता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली खडूची पेटी (उघडलेली नव्हती) काढली, आमच्या सौ. अन्नपूर्णाबाईंच्या खलात कुटली, धोतराच्या फडक्यातून गाळली आणि स्वतः चिमटीने उडवली. इंजिन सुरू झाले. आम्ही सगळे फळ्यापुढे बसावे तसे वाकून उभे. बराच वेळ काही नाही. मग एका बारीक तांब्याच्या नळीवर, वळणापाशी, अनुस्वाराएवढा ठिपका उमटला. पाहता पाहता तो पूर्णविरामाएवढा झाला. मी टाळी वाजवली.

प्रेमदासने त्या वळणामागे बोटे घातली. तिथे एक काळा, तेलकट गोळा होता. पुसताना त्याला तो नळी धरून ठेवणारा पट्टीचा चिमटा वाटला होता. आता ओढला तर तारेने बांधलेला. फडक्याने चोळला तर आतून पितळ निघाले, आणि हलवला तर वाजला.

बाबारावजी, ती माझ्या वडिलांच्या बैलांची पाच घुंगरे होती, आणि ती तिथे मी बांधली होती.

खंडेनवमीला ट्रकची पूजा झाली. हळद-कुंकू, नारळ, झेंडूचा हार, सर्व यथासांग. पण इंजिन सुरू झाले की माझ्या जिवाला लागे. त्याला ना मात्रा ना यती, एकसारखी घरघर, जणू मुलाने अख्खी कविता एका श्वासात उरकली. वाटले, आपल्या घरच्या वाहनाला थोडा ताल असावा. दिसेल अशा जागी बांधणे शक्य नव्हते. (यापूर्वी मी ट्रकच्या मागच्या फळीवर स्वतः रचलेल्या चार वृत्तबद्ध ओळी रंगवल्या होत्या. मागचे गाडीवाले त्या वाचायला फार जवळ येत, म्हणून त्या पुसण्यात आल्या आणि मला ट्रकला हात लावण्याची बंदी झाली.) म्हणून दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर झाकण उघडले. ती नळी वेलीसारखी वळण घेऊन गेली होती. मला वाटले, शोभेसाठीच असावी. कुंपणाची तार घेतली आणि घट्ट बांधली. दीड महिना हादरे बसून ती तार नळी घासत राहिली. घुंगरे मात्र त्या घरघरीत कोणालाच ऐकू आली नाहीत, मलासुद्धा.

मधुकररावांनी घुंगरे हातात घेतली आणि म्हणाले, "हे लहान्याचंच काम." प्रेमदास म्हणाला, "डायवर लोकायले शौक रायते, मालक." सगळे हसले. मीही हसलो.

दुरुस्ती थोडक्यात सांगतो. तात्पुरते म्हणून भोकावर धुण्याचा साबण दाबून वर सूत गुंडाळले. (सूत माझे, टकळीवरचे, आठवड्याचे.) दुसऱ्या दिवशी नळी काढून तांबटाकडून डाग देऊन आणली. नळीत हवा शिरली की इंजिन धापा टाकून बंद पडते, म्हणून हाताने पंप मारून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढली. आता कामटी बरोबर दाखवते. पण लहानू अगोदर चोर होता तो आता मूर्खही ठरला आहे, आणि डिझेलचोर हे नाव कोंढाळीपर्यंत पोचल्यामुळे त्याला कोणी गाडी देत नाही. बुधवारी तळेगावचा नवा ड्रायव्हर येतो. एकदा तो बसला की लहानूचे कायमचे गेले. मी रोज सकाळी खरे सांगायचे ठरवतो, आणि रोज सकाळी मधुकररावांना म्हणतो की आज थंडी जरा जास्त आहे.

असो. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. आपलाच,
भैयाजी

ता. क. संत्र्यांची टोपली पुलगावच्या मोटारीने पाठवतो. वरचा थर आधी खावा.

आणखी एक ता. क. एक बारीकशी विनंती. सुलोचनेला दिवाळीसाठी न्यायला आपण आला होता तेव्हा दोन दिवस ट्रक अंगणातच उभा होता. तरी आपण जावयांना एक ओळ लिहावी की घुंगरे आपण हौसेने बांधली होती. मला मधुकरराव काय म्हणतील सांगता येत नाही, पण सासऱ्यापुढे जावई तोंड उघडत नाही. फार तर हसेल. लहानू सुटेल आणि आपले काही जाणार नाही. मसुदा सोबत आहे, शुद्धलेखन तपासले आहे. तार कोणती असे विचारल्यास कुंपणाची म्हणावे.

तिसरा ता. क. पाकीट डकवत होतो तोच दारात लहानू. नऊ दिवसांनी. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, आर्वीले एका मालकाची गाडी हाय. थो म्हनते, चालचलनुकीची चिठ्ठी आन. तेवढी लिहून द्या. घुंगराचं मातर नका लिहू. म्या दसऱ्यालेच पाह्यलं व्हतं. म्हनलं मास्तरची हौस हाय, राहू द्या. तार घासन थे माह्याबी ध्यानात नाई आलं. तुमचं नाव निघालं तं मालक तुमच्यावर तापन." हे तो आपल्या समजुतीने हळू बोलला. पण ड्रायव्हरचा गळा, इंजिनावरून बोलायची सवय. ओट्यावर मधुकररावांची दाढी चालली होती. वस्तऱ्याचा आवाज थांबला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ते दारात येऊन उभे आहेत. तरी आपण मसुदा फाडावा, जावयांना काही लिहू नये. चिठ्ठी मी लिहायला घेतो आहे. आर्वीच्या मालकाला नव्हे, इथल्याच. तो दोन हातांच्या अंतरावर उभा आहे, पण मला तोंडाने सांगवत नाही.