मागच्या खोलीतली हॅचरी

२४ एप्रिल
निर्णय झाला. मागच्या खोलीत हॅचरी काढणार. गावरान पिल्लं, शास्त्रीय पद्धतीनं. आधी आपलं घर, मग गल्ली, मग अख्खं बेसा गाव, मग विदर्भ. बाबांना ती खोली मोमोवाल्या गोलूला भाड्यानं द्यायची आहे. म्हणजे या घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटपेक्षा मोमो मोठे! मी बीएस्सी झूऑलॉजी आहे याची आठवण करून दिली. बाबा म्हणाले, "पिल्लं काढून दाखव, खोली तुही. नाही निघाले तं गोलूची." ठीक. त्यांनी आत्ताच गोलूला नाही म्हणून टाकावं, असं सुचवलं. ते नुसते हसले. या पिढीला दूरदृष्टी नाही.

२६ एप्रिल
इन्क्युबेटर तयार. थर्माकोलचा खोका, बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. सगळं यूट्यूबवरच्या एका गृहस्थांनी सांगितलं तसं. ते स्वेटर घालून बोलतात. असू दे, ज्ञानाला ऋतू नसतो.
आईच्या कोंबड्यांची अंडी घेतली. काय ती माती, काय ती घाण! डेटॉलच्या पाण्यात घासून धुतली. आईसुद्धा म्हणाली, "कशी चमकून राहिली वं!" लहान, वाकडी, फार मळकी अंडी धुण्याआधीच रिजेक्ट केली. कूलरच्या रिकाम्या खोक्यात भरून खोलीच्या कोपऱ्यात, माठामागे सरकवली. हॅचरीत दर्जा लागतो.

२८ एप्रिल
भुरी नावाची कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी द्यायचं सोडून नुसती फुगून बसायची. आणि बसली कुठे, तर माझ्या रिजेक्ट खोक्यात! आई तिला बादलीत बुचकळायला निघाली. "एक डाव थंडी झाली का मंग अंडे देते." मी आडवी गेले. प्राण्यांचे हक्क, मातृत्वाचा सन्मान, सगळं समजावलं. आई म्हणाली, "बसू दे बाई, त्या सडक्या अंड्याइवर. माह्या डोक्यावर नको बसू." भुरी राहिली. तिनं आभार मानले नाहीत. अशिक्षित.

२९ एप्रिल
बल्ब अजून एकदाही लागलेला नाही. म्हणजे विजेची बचत. फक्त थर्मामीटर आत त्रेचाळीस डिग्री दाखवतो, पाहिजेत साडेसदतीस. थर्मामीटर भिकार. दुसरा आणला. तोही त्रेचाळीस. दोन्ही एकाच कारखान्यातले असणार.
शेजारच्या कामिनीकाकू दारातून डोकावल्या. "काहून वं नूपुर, अंडे उबवून राहिली का उकडून राहिली?" बाहेर पंचेचाळीस आहे, पण बाहेरच्या उन्हाचा आतल्या विज्ञानाशी काय संबंध?

१ मे
घरातला एकुलता एक कूलर मागच्या खोलीत आणला. आई, बाबा, अश्विन गच्चीवर झोपतात. थोडी कुरकुर. आता बल्ब लागतो. विझतच नाही. अश्विन म्हणाला, "ताई, इकडून थंड करून राहिली, तिकडून गरम करून राहिली. मीटर पाहिलं का?" बारावीला दोनदा बसलेल्या माणसाकडून फिजिक्स शिकायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.
भुरी मात्र कूलरसमोर डोळे मिटून आयती पडून असते.

३ मे
त्या गृहस्थांच्या व्हिडिओचा भाग दोन पाहिला. म्हणतात, अंडी कधीही धुवू नयेत. हे भाग दोनमध्ये सांगतात! आता भाग तीन पाहणार नाही.

७ मे
पिल्लं निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. गल्लीत लसीकरण मोहीम जाहीर केली. गेल्या वर्षी मानमोडीच्या रोगानं काकूंच्या अर्ध्या कोंबड्या गेल्या. बायका रडल्या आणि विसरल्या. सभा घेतली. लस पिण्याच्या पाण्यातून द्यायची; त्याआधी सकाळभर कोंबड्यांना तहानलेलं ठेवायचं, म्हणजे झडप घालून पितात. सगळ्यांकडून भांडी पालथी घालायचं वचन घेतलं. काकू सभेत भेंडी चिरत होत्या.

८ मे
भांडी पालथी. लस बर्फातून आणली, पाण्यात कालवली, पसरट ताटं मांडली. एकही कोंबडी आली नाही. शोधायला गेले तर प्रत्येक घराच्या कूलरखाली गळक्या पाण्याचं डबकं, आणि त्यात सगळ्या पोट टेकून बसलेल्या. तट्ट प्यायलेल्या. अख्ख्या नागपुरात न गळणारा एक कूलर नसावा? परत येईपर्यंत लसीची ताटं चिमण्यांनी साफ केली होती. काकू म्हणाल्या, "चांगलं झालं वं माय. चिमण्याइले तरी मानमोडी होत नाही आता." बायका पदर तोंडाला लावून हसल्या.
सुधारकांना हे चालायचंच.

१२ मे
काकू सगळ्यांच्या कोंबड्या टोपल्यांत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं डोळ्यांत एकेक थेंब टाकून दिला. झालं लसीकरण. मोहीम यशस्वी, कारण कल्पना माझीच. काकूंनी श्रेय दिलं नाही. अपेक्षाही नव्हती.

१७ मे
पिल्लं निघण्याचा दिवस. गल्लीतल्या बायकांना बोलावलं, त्यांच्यासाठी सतरंजी घातली. छोटं भाषण केलं. भाषणाच्या मध्येच खोक्यात आवाज झाला. सगळ्या पुढे वाकल्या. अंडं फुटलं होतं. पिल्लू नव्हतं. वास होता.
सतरंजी आपोआप रिकामी झाली. बाबा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सोमवारी गोलू खोली पाहाले येते." मी म्हटलं, काही जाती उशिरा निघतात. बाबांनी थर्माकोलचा खोका अंड्यांसकट उचलून नेला आणि परसात पुरला. संशोधन असं मातीत गेलं.

१९ मे
सकाळी खोलीत चिवचिव. माझ्या कानांना भास झाला असं वाटलं. माठामागून भुरी निघाली आणि तिच्या मागे पिल्लं. वाकड्या अंड्यातली, मळक्या अंड्यातली, सगळी धडधाकट. आईनं हातातलं पीठ तसंच टाकून धाव घेतली. म्हणाली, "अगं बाई, आन् मी हिले बुचकळाले निघाली होती!"
मी बाबांना म्हटलं, पिल्लं निघाली, खोली माझी. खोका माझा, कूलर मी आणलेला, निवडही माझीच. बाबा म्हणाले, "तुवं निवडलेले तं मी पुरले."
इतक्यात गोलू खोली मोजायला टेप घेऊन आला. भुरी त्याच्या पोटरीवर अशी झेपावली की तो टेप टाकून पळाला. मोमोवाल्यांत धैर्य नसतं.
कूलर बैठकीत न्यावा, असं अश्विन म्हणाला. आई कडाडली, "खबरदार! लेकरं हायेत तिथं."
शेवटी बाबांनी निकाल दिला. "खोली भुरीची. तुले पायजे असन तं तिले विचार."
विचारायला आत गेले. दोन्ही अंगठ्यांना आयोडीन लावलं आहे. आजपासून मीही गच्चीवर.