शेततळं, सायकल आणि आत्याबाईंचं लुगडं

पिंपळगाव राजा,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. हर्षल यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे दीपमालाचे, तोंडभर आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद तू लहान आहेस म्हणून आणि धपाटा कशासाठी ते पुढे कळेलच. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा दुखायचा थांबला का? माझी भावजय प्राची बरी आहे ना? तिला सांग, तिने पाठवलेला ओट्सचा डबा आम्ही संपवला (खरं म्हणजे म्हशीने संपवला, आणि तिलाही तो फारसा आवडला नाही). इकडे तुझे भाऊजी, तुझी भाचरं अपेक्षा आणि सागर, आणि माझ्या सासूबाई, आत्याबाई, सगळे खुशाल आहेत. मीही आहे. मी आहे, एवढंच सांगायला खरं तर हे एवढं मोठं पत्र.

दिवाळीत तू आलास तेव्हा माडीवरून फराळाचे डबे उतरवताना मला दम लागला, हे तू पाहिलंस. तिथेच घोटाळा झाला. तू गळ्यातलं तुझ्या शर्यतीचं पदक काढून माझ्या गळ्यात घातलंस आणि म्हणालास, ताई, तू चाळिशीत म्हातारी होऊन राह्यली, अंग हलव जरा. आता तूच सांग, सकाळी दोन डबे, एक म्हैस, सासूचा काढा, मग दिवसभर शाळेत पाचवीचा वर्ग, घरी आल्यावर भाजीचे क्रेट भरायला हात लावायचा, रात्री अपेक्षाचं दहावीचं गणित (जे मलाही येत नाही, पण तिला ते कळू द्यायचं नाही), यात अंग हलवायचं राहिलं होतं कुठे? पण तू धाकटा, पुण्यात राहणारा, इंग्रजी बोलणारा. तुझ्या जुन्या सायकलीचं बोचकं ट्रॅव्हल्सच्या टपावरून नांदुऱ्याला उतरलं आणि फेब्रुवारीत धरणावर होणाऱ्या ट्रायथलॉनमध्ये तू परस्पर माझं नाव घातलंस. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. शाळेत हे सांगितलं तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी विचारलं, हे तिन्ही एकाच दिवशी काऊन?

सायकलीचं आधी सांगते. टायर बोटाएवढं, सीट त्याहून बारीक, आणि नांदुऱ्याचा रस्ता तू पाहिलाच आहेस. पहिल्या आठवड्यात रस्त्यावरचा प्रत्येक माणूस गाडी थांबवून स्कुटी बिघडली काय मॅडम म्हणून विचारायचा. दुसऱ्या आठवड्यात माझा पगार थांबला आहे अशी बातमी गावात पसरली. तिसऱ्या आठवड्यात एक पालक घरी गवार घेऊन आले आणि घ्या मॅडम, लाजू नका म्हणाले. मी घेतली. (भाजीवाल्याच्याच घरी गवार, पण त्यांचा जीव दुखवायचा कसा?)

पळण्याचं त्याहून वाईट. आपल्याकडे बाई माणूस पळालं तर कुणीतरी गेलं असं समजतात, हे तू पुण्यात राहून विसरलास. पहाटे मी फाट्याच्या दिशेने धावत निघाले, तर शेजारच्या शेताचे हिंमतराव मोटरसायकल काढून मागून आले. चेहरा एवढासा केलेला.

"कोण गेलं हो मॅडम?"

"कोणी नाही गेलं. मी पळून राह्यली."

"आँ? कोणासंग?"

ते त्यांनी इतक्या काळजीने विचारलं की मला हसताही येईना. त्या दिवशी हिंमतराव माझ्यामागे फाट्यापर्यंत मोटरसायकल चालवत आले, कारण असं बाईमाणसाले एकटं सोडावं कसं. दुसऱ्या दिवशीही आले. महिनाभरात त्यांचं पेट्रोल जळलं आणि माझं वजन तिथेच राहिलं.

आता पोहण्याचं. दुसरबीडला आजोबांच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून आपण दोघं पोहायला शिकलो, तेवढीच माझी विद्या. इथे विहीर नको म्हणून मी आमचं शेततळं धरलं. तुला आठवत असेल, पाणी मुरू नये म्हणून आतून काळ्या प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, चारी बाजूंनी उताराची, भोवती तारेचं कुंपण. पन्नीवर शेवाळ धरलेलं असतं, त्यावर पाय ठेवला की माणूस थेट आत जातं, आणि बाहेर यायचं तर हाताला धरायला काही नाही. म्हणून तुझ्या भाऊजींनी कुंपणाच्या खांबाला जाड दोर बांधून आत सोडलेला. उतरायचं बसून घसरत, चढायचं मात्र दोराला धरून.

पण खरी अडचण पाणी नव्हतं, आत्याबाई होत्या. माझ्या सासूबाईंना तू ओळखतोस. केसरबाई म्हटलं की निम्मं गाव डोक्यावरचा पदर सारखा करतं. मी मागवलेला पोहायचा पोशाख (काळा, मानेपासून गुडघ्यापर्यंत, त्यात माझ्यापेक्षा शेततळ्याची पन्नी देखणी दिसेल असा) दोरीवर वाळत होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून विचारलं, ट्रॅक्टरच्या सीटची खोळ धुतली काय वं? मी सांगितलं. त्यांनी तो खाली ठेवला. म्हणाल्या, "सायकल चालव, पळ, उड्या मार, पण पाण्यात जाऊ नको दीपमाला." मी मनात म्हटलं, झालं सुरू, लोक काय म्हणतील. मी रागाने दुसऱ्या दिवसापासून रोज जायला लागले. आणि त्या रोज माझ्यामागे यायला लागल्या. हातात विळा घेऊन बांधावरच्या कडुलिंबाखाली बसायच्या. गवत कापायला आली म्हणायच्या, पण गवताची काडी कापलेली मी कधी पाहिली नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहायचं. मी घरी येऊन तुझ्या भाऊजींशी भांडले, की तुमच्या आईला माझे गुडघे मोजायचे आहेत काय? ते क्रेट मोजत राहिले. आई आणि पाणी या विषयावर ते कधीच काही बोलत नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. खामगावच्या बाजाराला भरपूर माल जायचा होता, आणि गाडीत क्रेट बांधायला तुझ्या भाऊजींना दोर पुरेना. त्यांनी शेततळ्याचा सोडून नेला. मला सांगायचं राहिलं. मी सकाळी गेले ती रोजच्या सवयीने पन्नीवर बसून घसरत पाण्यात उतरले, मागे पाहिलंच नाही. दोन चकरा चांगल्या झाल्या. तिसऱ्या चकरेला छातीत काहीतरी फडफडलं. दुखलं नाही रे, नुसतं फडफडलं, कोंडलेल्या पाखरासारखं. मग हात जड झाले. कशीबशी कडेला आले, दोरासाठी हात वर केला, आणि तिथे दोर नव्हता.

मी पन्नीवर नखं रोवली. घसरले. पुन्हा रोवली, पुन्हा घसरले. माणूस मरताना देवाचं नाव घेतं असं ऐकलं होतं. मला आठवलं ते हे, की गॅसवर दूध ठेवलं आहे का, सागरच्या डब्यात कालचा चमचा राहिला, आणि तपासलेले पेपर माझ्या जागी येणाऱ्या नवीन मॅडमना सापडणार नाहीत. (तुला हसू येईल. मलाही लिहिताना येतं आहे. तेव्हा मात्र नाकात पाणी जात होतं.) मी ओरडायचा प्रयत्न केला, पण आवाजासाठी लागतो तो दमच नव्हता. पाणी कानावरून गेलं आणि सगळं फार शांत झालं. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

मग वरून आवाज आला. "दीपमाला! हात वर कर वं! हात वर!"

कुंपणाच्या आत आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी अंगावरचं नऊवारी लुगडं सोडलं. डोक्यावरचा पदर झोपेतसुद्धा न ढळणारी बाई, हर्षल, भर उजेडात, उघड्या शेतात, अंगावर एका चोळीनिशी. एक टोक खांबाला बांधलं, दुसऱ्या टोकाला विळा गुंडाळून फेकला. पहिल्यांदा तोकडं पडलं. ओढून घेतलं, पुन्हा फेकलं, ते माझ्या खांद्यावर आपटलं. मी ते मनगटाला वेढलं. "आता सोडशील तर पाह्य!" एवढंच त्या म्हणत होत्या, आणि पन्नीच्या कडेवर बसून, टाचा मातीत रोवून ओढत होत्या. मध्येच लुगडं कुठेतरी टरकल्याचा आवाज झाला. आम्ही दोघींनी तो ऐकला आणि त्यांनी टाचा आणखी खोल रोवल्या.

मी वर आले, पालथी पडले, पाणी ओकले. त्यांनी मला आधी एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं. तेवढ्यात ओरडा ऐकून हिंमतराव धावत आले, बांधावर पोचले, आत्याबाईंना पाहिलं आणि जागच्या जागी पाठमोरे झाले. तसेच उलटे उभे राहून त्यांनी गळ्यातला दुपट्टा मागे फेकला. आत्याबाई ओरडल्या, "तोंड तिकडंच ठेव हिंमत, पण गाडी आण!" बिचारे तोंड तिकडंच ठेवून पळाले आणि पाटात पडले.

गाडी येईपर्यंत आम्ही लिंबाखाली बसलो. मी ओली, त्या माझा टॉवेल कमरेला गुंडाळून आणि तो दुपट्टा अंगावर घेऊन. तेव्हा त्या बोलल्या. तुझ्या भाऊजींच्या आधी त्यांना एक मुलगी होती. शाळेत जायच्या वयाची. पाणी शेंदताना विहिरीत पडली. इतक्या वर्षांत मला या घरात कुणी सांगितलं नव्हतं, भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात नाव नाही. "ते वर येऊन राह्यली होती," आत्याबाई म्हणाल्या. "मले दिसून राह्यली होती. दोर सापडेना. मी म्हटलं लुगडं सोडून फेकते. तर बायांनी मले धरलं. म्हणे, काय करतं केसर, माणसं येऊन राह्यले." मग माझ्या केसांतलं शेवाळ वेचायला लागल्या. रडल्या नाहीत. मी रडले. माझे गुडघे मोजायला त्या तिथे बसत नव्हत्या रे.

तुझे भाऊजी बाजारातून आले ते दोर हातात घेऊनच. तो त्यांना खाली ठेवता येईना. त्या संध्याकाळी त्यांनी शेततळ्याच्या चारी बाजूंना दोर बांधले, गाठी मारल्या, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा आणून सोडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी बांधले. आता ते शेततळं जाळ्यात गुंडाळल्यासारखं दिसतं, आणि तरी ते रोज जाऊन गाठी ओढून पाहतात. माझ्याशी बोलताना खाली बघतात. मी म्हटलं, अहो, चूक झाली, मी जिवंत आहे, भाजीत मीठ कमी आहे ते तरी बोला. ते उठून बाहेर गेले.

खामगावला डॉक्टरांना दाखवलं. थोडा थकवा आहे म्हणाले, विश्रांती घ्या, बाकी काळजीचं कारण नाही. तेव्हा तूही काळजी करू नकोस. आईला यातलं काही कळवू नकोस. प्राचीला आशीर्वाद. पत्र संपवते.

तुझी,
दीपमालाताई

ता. क. : स्पर्धेतलं माझं नाव काढून टाक. सायकल परत पाठवत नाही, सागर तिच्यावर फाट्यापर्यंत जातो आणि हिंमतराव त्याच्यामागे जातात.

ता. क. २ : डॉक्टरांचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. पत्र भाऊजींनी वाचायला मागितलं तर असावं म्हणून तसं लिहिलं, हे पान मात्र वेगळं लिहून मागून पाकिटात घातलं आहे. त्यांना आत्ताच एवढं सोसायचं नाही. माझ्या हृदयाची इको काढली. हृदयाची भिंत जाड आहे, जन्मापासूनची. दिवाळीला लागलेला दम वयाचा नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, पळणं बंद, पुढच्या तपासणीला अकोल्याला जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात चालतं, वडिलांचं काय झालं? मी सांगितलं, बाबा दुसरबीडच्या स्टँडवर उभ्या उभ्या पडले ते गेलेच, वयाने आज तू आहेस तेवढेच होते, लोक म्हणाले ऊन लागलं. मग त्यांनी विचारलं, भाऊ-बहीण कोणी? मी सांगितलं, एक भाऊ आहे, पुण्यात, पोहतो, सायकल चालवतो, पळतो, पदकं मिळवतो. मी अभिमानाने सांगितलं रे. त्यांनी लिहायचं थांबवलं.

पुढच्या महिन्यात तुझी मोठी स्पर्धा आहे. त्याआधी इको काढ. काढेपर्यंत पाण्यात उतरू नकोस. पळू नकोस. ही पानं प्राचीच्या हातात दे, म्हणजे तुला टाळता येणार नाही.

ता. क. ३ : तुला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू पळत होतास. धापा टाकत "ताई, नंतर करतो" म्हणालास. ती धाप ऐकली आणि मी फोन ठेवला. म्हणून लिहिलं. पत्र वाचायला तरी माणसाला एका जागी थांबावं लागतं. आता थांबलाच आहेस तर थांबूनच राहा, बाळा.