दाराशी पुन्हा खांद्यावर

माननीय डॉक्टरसाहेब,

वार्षिक चाचणीत जिने चढताना मला धाप लागली, म्हणून तुम्ही मला आगीच्या बंबावरून काढून कचेरीत टेबलाच्या कामाला बसवलंत. मी आठवडाभर तुमच्या नावाने बोटं मोडली. मग तुमच्याच इमारतीला आग लागली. माणसं कमी पडली, म्हणून मीही आलो. धुराने भोवळ आलेल्या तुम्हाला चौथ्या मजल्यावरून खांद्यावर घेतलं, पण दुसऱ्यावर मलाच पुन्हा धाप लागली आणि मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात तुम्ही शुद्धीवर येऊन म्हणालात, "उतरवा मला. माझा हात धरा."

दाराशी मात्र म्हणालात, "लोक बघतायत. घ्या पुन्हा खांद्यावर."

आता पदकासाठी माझं नाव गेलंय. बायकोलाही खरं सांगितलेलं नाही; हे पत्र कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून पाठवणार नाही. पुढच्या चाचणीत खुशाल नापास करा. फक्त कारण धापेचंच लिहा, त्या जिन्यातलं नको.

तुम्ही हाताला धरून उतरवलेला,
टेबलावरचा जवान