आईनं लावलेलं काजळ

भाऊ,

तुझा फोन लागत नाही. आई केळीच्या बागेतून यायच्या आत हे वाच आणि फाडून टाक.

माझे डोळे आले नव्हते. गेल्या आठवड्यात नाशिकला लग्नाला म्हणून गेले आणि कोपरे कापून डोळे मोठे करून घेतले. गॉगल त्यासाठीच होता. डॉक्टरांनी मलमाशिवाय डोळ्याला काही लावू नका म्हणून बजावलं होतं.

आईला माझं खरं वाटलं. काल दुपारी मी झोपले असताना तिनं घरचं काजळ कोपऱ्यात भरलं, टाक्यांवरच. जाग आली तर म्हणते, "डोळ्याले थंड वाटीन, बेटा." तिचा हात धरला असता तर सगळं सांगावं लागलं असतं. मी पडून राहिले.

सकाळपासून उजवा डोळा सुजून मिटलाय. बोटांनी उघडला तर खिडकी नुसती पांढरी दिसते. पहूरच्या स्टँडवरून जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात जातेय. तू मागून ये.

आईला काजळाचं कधीच सांगू नको. मीच डोळा चोळला म्हण.

ओरडायचं ते नंतर ओरड. आलास की आधी माझ्या उजव्या बाजूला गुपचूप उभा राहा. तू दिसतोस का, ते मला बघायचंय.

मोहिनी